पंचसभेपासून न्यायाधिकरणापर्यंत : ग्वाल्हेरचा दाखला

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकावर सकाळच्या गाडीने उतरणाऱ्या उतारूंमध्ये एक प्रवासी कित्येक वर्षे नेमाने दिसत आला आहे. काखेत कापडाची पिशवी, पिशवीत खसऱ्याच्या नकला आणि तहसिलीच्या हुकमाची जीर्ण झालेली प्रत, चेहऱ्यावर दोन-तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आल्याचा शीण. हा गृहस्थ कधी भिंडचा असतो, कधी मुरैन्याचा, कधी दूर बालाघाटचा. त्याला किल्ला पाहावयाचा नसतो आणि जयविलास राजवाड्यातील झुंबरेही पाहावयाची नसतात. तो राजस्व मंडळाचा पत्ता विचारतो आणि चालू लागतो.

त्याच शहरात उच्च न्यायालयही आहे. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य निर्माण झाले तेव्हा उच्च न्यायालयाचे मुख्य स्थान जबलपूरला गेले. ग्वाल्हेर व इंदूर येथे त्याची पीठे बसू लागली आणि १९६८ साली ती स्थायी झाली. मग शेताच्या बांधाचा तंटा घेऊन आलेला हा मनुष्य त्या भव्य दाराशी न जाता दुसऱ्याच दाराशी का जातो? याचे सरळ उत्तर असे की, जमिनीच्या महसुली तंट्यांसाठी कायद्याने एक निराळी शिडी उभी केलेली आहे आणि तिची वरची पायरी ग्वाल्हेरला आहे. नावाने ते मंडळ असले तरी कामाने ते न्यायाधिकरण होय. दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांच्या शेजारी अशी निराळी न्यायासने मांडण्यात लोकांचा काय लाभ होतो, आणि तो लाभ कोणत्या अटीवर टिकतो, या प्रश्नाला ग्वाल्हेरच्या आणि एकंदर मराठी मुलखाच्या इतिहासाने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न मात्र फार जुना आहे. बायबलातील निर्गम ग्रंथात मोशेचा सासरा इथ्रो त्याला भेटावयास येतो, तेव्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक न्यायासाठी तिष्ठत उभे आहेत आणि मोशे एकटाच निवाडे देत बसला आहे, असे दृश्य त्याच्या दृष्टीस पडते. त्या अनुभवी म्हाताऱ्याने जावयाला सांगितले की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. दहादहांवर, पन्नासांवर, शंभरांवर विश्वासू माणसे नेम, लहान गोष्टी त्यांना तोडू दे आणि अवघड तेवढ्या तुझ्याकडे येऊ दे. न्यायाची वाटणी का करावी लागते, याचे याहून सोपे विवेचन कायद्याच्या पुस्तकात सापडणे कठीण. इथ्रोने आणखी एक अट घातली होती. नेमलेली माणसे लाचेचा तिटकारा असणारी हवीत. ती अट पुढेही लागणार आहे.

ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे सातारा भागातील कण्हेरखेडचे पाटील. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती आल्यावरही महादजीला पाटील म्हणवून घेण्यात अभिमान वाटे. दौलतरावाने १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी लष्कराची छावणी कायम केली आणि त्या छावणीचेच लष्कर नावाचे नगर झाले. त्या नगरात दक्षिणेतून आलेली शेकडो मराठी घराणी वसली. तंटा कसा तोडावा याविषयीच्या दक्षिणी कल्पनाही त्यांच्याबरोबर आल्या असणार, हे उघड आहे.

त्या कल्पना कोणत्या होत्या? मराठी राज्यात वतनाचा, पाटीलकीचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो सामान्यतः गोतसभेपुढे जाई. या सभेत देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, कुळकर्णी, पेठेचे शेटे-महाजन, गावचे बलुतेदार असे सारे बसत. वादी आणि प्रतिवादी यांच्याकडून प्रथम जामीन घेतले जात, आणि दोघांकडून राजीनामा लिहून घेतला जाई. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळी त्याचा अर्थ सभा जो निवाडा करील त्यास आपण राजी आहो, असे आगाऊ दिलेले वचन. मग दोघांच्या तकरिरा होत, जुने कागद वाचले जात, साक्षी होत. निवाड्याचा महजर तयार झाला की सभासद त्यावर आपापल्या निशाण्या करीत : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. हरलेला यजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे स्वहस्ते मान्य करी. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. न्याय फुकट नव्हता, पण तो कोणत्या भाषेत चालला आहे हे तंटेखोराला कळत असे.

त्यात थळाची तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी होती. एखाद्या पक्षास असे वाटले की, येथील गोत विरुद्ध पक्षाच्या सोयरिकीतले आहे, तर तो दुसरे थळ मागू शके, आणि वाद परक्या परगण्याच्या सभेपुढे पाठविला जाई. निःपक्षपातीपणाची चिंता काही अलीकडच्या घटनाकारांनीच केली असे नाही. तसेच शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण गावाची शीव रोज पायाखाली घालणारा तोच. ज्याला एरवी चावडीच्या पायरीवर बसावयासही मज्जाव होता, त्याच्या पावलांवर दोन गावांची शीव ठरत असे. ही गोष्ट त्या समाजाच्या न्यायाची आणि अन्यायाची एकदमच साक्ष देते.

या पद्धतीचे दोष कोणी झाकून ठेवले नाहीत. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीची बारकाईने चिकित्सा आहे. पंच बिनपगारी, त्यामुळे ते गोळा करणे कठीण. बैठक लांबत जाई. निवाडा अमलात आणण्याचे सामर्थ्य पंचांपाशी नसे, ते सरकारापाशी असे, आणि सरकारी माणूस मनात आणील तर वाद दाबून ठेवी. तरीसुद्धा ज्यांच्यावर आपला विश्वास आहे, ज्यांना आपल्या गावाची रीत ठाऊक आहे, अशा माणसांपुढे उभे राहावयास मिळते, हा पंचायतीचा गुण त्याने ओळखला आणि ती टिकवावी असा प्रयत्न केला. माल्कमनेही १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात माळव्यातील पंचायतींचे असेच वर्णन केले आहे, आणि माळव्याचा मोठा भाग तेव्हा शिंद्यांचा होता.

एल्फिन्स्टनचा प्रयत्न फळास आला नाही. १८२७ साली मुंबई इलाख्यात नवी नियमावली आली, अदालती आल्या, अपिलांची साखळी आली. पंचांपुढे हरलेला मनुष्य सरळ अदालतीत जाऊ लागला. जेथे हरलेल्याला निवाडा मानलाच पाहिजे असे बंधन नाही, तेथे आपला दिवस खर्चून पंच म्हणून बसावयास कोण तयार होणार? पंचायती कोणी हुकूम काढून बंद केल्या नव्हत्या. राजीनाम्याचे वजन गेले आणि त्या आपोआप मंदावल्या.

पुढे अदालतींचा खर्च आणि विलंब लोकांच्या गळ्याशी आला तेव्हा जुनी आठवण पुन्हा जागी झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७०-८० या दशकात लवाद कोर्ट चालविले. १८७५ साली सुपे आणि भोवतालच्या मुलखात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी जो कायदा झाला, त्यात वाद न्यायालयात जाण्यापूर्वी तो तडजोड करणाऱ्या पंचापुढे नेण्याची योजना होती. सरकारनेच हाकललेले पंच सरकारने पन्नास वर्षांनी पाट मांडून परत बोलावले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच १८७५ साली ग्वाल्हेरच्या दोन माणसांना एका विलक्षण न्यायासनावर बसण्याचा प्रसंग आला. ही कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड आणि तेथील रेसिडेंट कर्नल फेर यांचे हाडवैर होते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी कर्नल फेर फिरून आले आणि त्यांनी नित्याचे पपनसाच्या रसाचे सरबत तोंडास लावले. चव विपरीत लागली म्हणून त्यांनी ते फेकून दिले. पेल्याच्या तळाशी उरलेल्या गाळाची तपासणी करता सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचे सांगण्यात आले. या विषप्रयोगास महाराजांची चिथावणी होती असा आरोप ठेवून त्यांना पकडण्यात आले. पण एका संस्थानिकाचा न्याय करावयाचा कोणी आणि कोणत्या कायद्याने? तो ब्रिटिश प्रजाजन नव्हता, त्यामुळे त्याच्यावर ब्रिटिश न्यायालयांचा नेहमीचा अधिकार चालत नव्हता. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी या एका कामापुरते सहा जणांचे मंडळ नेमले.

मंडळात तीन इंग्रज होते : कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल. तिघे भारतीय होते : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मीड हे नावही ग्वाल्हेरला अपरिचित नव्हते. १८५९ साली शिवपुरीच्या बाजूस तात्या टोपे ज्याच्या हाती लागले तो अधिकारी हाच.

दिनकररावांचा परिचय महाराष्ट्राला असावयास पाहिजे तितका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे १८१९ साली जन्मलेला हा गृहस्थ १८५२ साली ग्वाल्हेरचा दिवाण झाला. त्याने जाचक कर उठविले, कारभार नियमांत बांधला, आणि काटकसर करावयाची तर ती घरापासून, म्हणून दिवाणाचा दरमहा पाच हजारांचा पगार दोन हजारांवर आणला. हा शेवटचा सुधारणेचा प्रकार पुढील काळातील दिवाणांना फारसा अनुकरणीय वाटल्याचे दिसत नाही. १८५९ साली त्यांनी दिवाणगिरी सोडली. म्हणजे बडोद्याच्या मंडळावर ते आणि त्यांचे एके काळचे धनी जयाजीराव शेजारी शेजारी, समान मताचे सभासद म्हणून बसले.

फेब्रुवारी १८७५ मध्ये काम सुरू झाले. महाराजांच्या बचावासाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला. त्याने सरकारपक्षाच्या साक्षीदारांची अशी उलटतपासणी केली की, रेसिडेन्सीतील नोकरचाकरांच्या जबान्यांवर उभारलेला खटला ठिकठिकाणी डळमळू लागला. शेवटी सहा सभासदांची मते फुटली. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झालेला दिसला. जयाजीराव, रामसिंह आणि दिनकरराव या तिघांना तो सिद्ध झालेला दिसला नाही.

त्या काळच्या परिस्थितीत या मतभेदाचे मोल मोठे होते. दोन संस्थानिक आणि एक निवृत्त दिवाण, ज्यांची प्रतिष्ठा सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर अवलंबून होती, त्यांनी त्याच सरकारने उभ्या केलेल्या खटल्यात पुरावा अपुरा आहे असे लिहून दिले. विषयाची माहिती असलेला, दरबारी कारस्थाने आणि नोकरांच्या जबान्यांचे मोल जाणणारा माणूस न्यायासनावर बसविला म्हणजे कोणता फायदा होतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. रेसिडेन्सीच्या शिपायाची जबानी कशी तयार होते, हे सरन्यायाधीश कौच यांच्यापेक्षा दिनकररावांना अधिक ठाऊक असणे स्वाभाविक होते.

पण मंडळाचे काम चौकशी करून मत कळविण्यापुरतेच होते. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, आणि आपला निर्णय विषप्रयोगाच्या आरोपावर नसून राज्यातील बेबंद कारभारावर आधारलेला आहे असे जाहीर केले. कारभार वाईट होता, हे पुष्कळ अंशी खरे. तथापि मग सहा जणांना बसवून, विलायतेहून वकील येऊन, आठवडेच्या आठवडे साक्षी घेण्याचे प्रयोजन काय राहिले? गोतसभेपुढे वादी आणि प्रतिवादी दोघेही राजीनामा लिहून देत. बडोद्याला फिर्यादी सरकारने मंडळ नेमले, पण राजीनामा लिहून दिला नाही. मंडळ नेमणारा स्वतः निवाड्याला बांधलेला आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक न्यायाधिकरणाच्या दारात उभा आहे.

आता पुन्हा ग्वाल्हेरच्या त्या प्रवाशाकडे वळावे. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारत राज्याचे उद्घाटन झाले आणि जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. त्यानंतरची चार-पाच वर्षे त्या प्रदेशातील जमिनीच्या इतिहासात फार मोठ्या उलथापालथीची होती. १९५० साली जमीनमहसूल व कूळवहिवाटीचा कायदा झाला आणि जमीन कसणारा ‘पक्का कृषक’ म्हणून कागदावर आला. १९५१ साली जमीनदारी व जहागिरी नष्ट करण्याचे कायदे झाले. हजारो गावांत कोणाचे नाव कोणत्या रकान्यात चढावयाचे, याचे तंटे एकदम उभे राहिले. असे तंटे दिवाणी न्यायालयांच्या नेहमीच्या रीतीने तोडावयाचे म्हटले असते, तर जमीनदारी गेली तरी तिचे वाद नातवंडांच्या वाट्यास आले असते. म्हणून महसुली अधिकाऱ्यांची शिडी आणि तिच्या माथ्यावर राजस्व मंडळ ही व्यवस्था तेव्हा अपरिहार्य होती. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले, आणि ग्वाल्हेरच्या वाट्यास जी मोजकी राज्यस्तरीय कार्यालये आली त्यांत राजस्व मंडळ हे प्रमुख. २ ऑक्टोबर १९५९ पासून नवी भू-राजस्व संहिता लागू झाली, ‘पक्का कृषक’ जाऊन ‘भूमिस्वामी’ आला. मंडळ ग्वाल्हेरलाच राहिले.

या शिडीचा लाभ कशात आहे, हे चंबळेच्या काठी गेल्यावाचून कळणार नाही. भिंड-मुरैन्याकडे पावसाळ्यागणिक पाण्याचे लोट काठची माती कापून नेतात आणि शेताच्या जागी घळी पडतात; त्यांनाच तिकडे बीहड म्हणतात. कागदावर जमीन तेवढीच असते, आकार तोच लागू असतो, आणि प्रत्यक्षात बांधाचा अर्धा भाग घळीत गेलेला असतो. मग शेजाऱ्याच्या बांधावर नांगर चढतो आणि तंटा पेटतो. त्या मुलखात असा तंटा नुसत्या शब्दांवर थांबेलच अशी खात्री कोणी देत नाही. ज्या अधिकाऱ्याने उमेदवारीच्या दिवसांत पटवाऱ्याबरोबर उन्हातान्हात साखळी ओढली आहे, नकाशा आणि जमीन यांची गाठ घालून पाहिली आहे, त्याला खसऱ्याचा उतारा पाहून जे पाच मिनिटांत समजते, ते कायद्यात निष्णात पण शहरात वाढलेल्या न्यायाधीशाला साक्षीदारांच्या तोंडून काढावे लागते. सीमांकन, वाटणी, नामांतरण, म्हणजे आपल्याकडे ज्याला फेरफार म्हणतात ते, ही कामे याच शिडीने चालतात. तहसीलदाराच्या हुकमावर उपविभागीय अधिकारी, त्यावर आयुक्त आणि वर मंडळ. मालकी हक्काचा मूळ प्रश्न निघाला तर मात्र दिवाणी न्यायालयाचे दार मोकळे आहे. बालाघाटच्या माणसाला ग्वाल्हेर दूर पडते, ही तक्रार खोटी नाही. म्हणून मंडळाच्या बैठकी इतर शहरीही होत आल्या.

पण एल्फिन्स्टनने दाखविलेला दोष येथेही नव्या वेषात हजर आहे. मंडळावर बसणारे बहुधा प्रशासकीय सेवेतील ज्येष्ठ अधिकारी. जेथे दोन शेतकरी भांडत आहेत तेथे त्यांचे ज्ञान वरदान ठरते. जेथे एका बाजूस शेतकरी आणि दुसऱ्या बाजूस खुद्द सरकार उभे आहे, तेथे त्या शेतकऱ्याच्या मनात शंका उद्भवली तर तिला वेडगळ म्हणता येणार नाही. गोतसभेच्या काळी असता तर त्याने दुसरे थळ मागितले असते.

ही शंका केवळ भारतातच आली असे नाही. इंग्लंडमध्ये क्रिचेल डाउन नावाच्या जमिनीचे प्रकरण १९५४ साली गाजले. युद्धापूर्वी विमानदलाच्या कामासाठी घेतलेली ती जमीन, काम संपल्यावर मूळ मालकाच्या वारसांना परत देण्याऐवजी शेतकी खात्याने आपल्या मर्जीने दुसऱ्यास देण्याचा घाट घातला, आणि त्यावरून उठलेल्या वादळात मंत्र्यास अधिकारपद सोडावे लागले. पुढल्याच वर्षी सर ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरणांची पाहणी करण्यासाठी समिती नेमली गेली. १९५७ सालच्या तिच्या अहवालात न्यायाधिकरणांचे गुण सांगितले आहेत : खर्च थोडा, दार जवळ, तांत्रिक काच कमी, निकाल लवकर, विषयाचे ज्ञान पक्के. आणि त्यांच्या जोडीला तीन कसोट्याही लावल्या आहेत : कामकाज उघड असावे, वागणूक न्याय्य असावी, आसन निःपक्षपाती असावे. गुणांची यादी सर्वत्र वाचली जाते. कसोट्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष जरा कमी जाते.

लवकर निकाल हा गुण तर सर्वत्र सापडतोच असे नाही. नद्यांच्या पाण्याचे तंटे घ्यावेत. संविधानाने असे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा दिली, १९५६ साली तसा कायदा झाला, आणि १९६९ साली नर्मदेसाठी न्यायाधिकरण बसले. गुजरात, मध्यप्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान असे चार पक्ष. अंतिम निवाडा १९७९ साली आला. पुरती दहा वर्षे गेली. वाटपास धरलेल्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्यप्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा ठरला. पाण्याचे माप, धरणाची उंची, कालव्याचा उतार यांचा हिशेब तज्ज्ञांना जवळ बसवून करावा लागला, आणि तो साध्या दाव्याच्या पद्धतीने झाला नसता, हे मान्य करावे लागते. वेग मात्र त्यात शोधू नये.

सरकारी नोकरांच्या बाबतीत न्यायाधिकरणाचा प्रयोग ग्वाल्हेरने अगदी जवळून पाहिला. बदली, ज्येष्ठता, रोखलेली वेतनवाढ, अडलेले निवृत्तिवेतन, असे वाद पूर्वी उच्च न्यायालयात जात आणि तेथे वर्षानुवर्षे पडून राहत. खेड्यातील शाळेचा मास्तर निवृत्त होई, त्याची दाढी पांढरी होई, आणि त्याची ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून धरावी याचा निकाल यावयाचाच असे. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अशा वादांसाठी निराळी न्यायाधिकरणे नेमण्याची वाट मोकळी केली. १९८५ साली कायदा झाला. त्यात दिवाणी प्रक्रियेच्या जंजाळातून न्यायाधिकरणाला मुक्त ठेवले होते. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली म्हणजे पुरे. अर्जदाराला वाटल्यास वकिलावाचून स्वतः उभे राहण्याची मोकळीक होती. मंडळात एक सभासद न्यायखात्यातला आणि एक प्रशासनातला. म्हणजे कायदा आणि कचेरी दोन्ही जाणणारी दोन डोकी एकत्र.

१९८८ साली मध्यप्रदेशात राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले. मुख्य स्थान जबलपूरला, आणि एक पीठ ग्वाल्हेरला. जबलपूर ग्वाल्हेरहून रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. श्योपूरच्या कारकुनाला किंवा दतियाच्या शिक्षिकेला बदलीच्या हुकमाविरुद्ध दाद मागावयाची तर या एका पिठामुळे किती अंतर वाचले, याचा हिशेब ज्याला नैमित्तिक रजेचे दिवस मोजून खर्चावे लागतात त्यालाच खरा समजेल. बदलीचा हुकूम चुकीचा आहे असे दोन वर्षांनी ठरून उपयोग नसतो. तोवर मुलांच्या शाळा बदललेल्या असतात आणि म्हातारे आईबाप एकटे पडलेले असतात.

या न्यायाधिकरणांच्या निकालांवर आरंभी उच्च न्यायालयात जाता येत नसे. थेट सर्वोच्च न्यायालयातच जावे लागे. दिल्लीची वाट कितीजणांना परवडणार? १८ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पिठाने चंद्रकुमार खटल्यात असे ठरविले की, उच्च न्यायालयांचा पर्यवेक्षणाचा अधिकार हा संविधानाच्या मूळ गाभ्याचा भाग असून तो कोणत्याही घटनादुरुस्तीने काढून घेता येत नाही. न्यायाधिकरणे राहतील, प्रथम त्यांच्याकडेच जावे लागेल, पण त्यांच्या निर्णयाची तपासणी उच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीशांचे पीठ करू शकेल.

तत्त्वदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता. इथ्रोच्या योजनेतही अवघड बाब वर जाण्याची सोय होती, आणि लहान न्यायासनावर मोठ्याची नजर असण्याने त्याची प्रतिष्ठा वाढते, घटत नाही. पण मध्यप्रदेश सरकारने त्यातून निराळाच निष्कर्ष काढला. न्यायाधिकरणानंतर पुन्हा उच्च न्यायालय आहेच, तर मधली पायरी हवी कशाला? २००० सालच्या राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात न्यायाधिकरण बंद करण्याची वाट ठेवलेली होतीच. तिचा उपयोग करून २००३ साली ते बंद करण्यात आले. वकिलांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००४ साली न्यायालयाने सांगितले की, असे न्यायाधिकरण स्थापण्याची संविधानात मुभा आहे, सक्ती नाही, आणि ज्याला ते स्थापता येते त्याला ते मोडताही येते. महाराष्ट्राने १९९१ साली स्थापिलेले आपले प्रशासकीय न्यायाधिकरण मात्र मोडले नाही. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे त्याची पीठे चालत राहिली. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दोन्ही राज्यांना एकच होता. एका राज्याला त्या पायरीची गरज वाटली, दुसऱ्याला वाटली नाही.

मध्यप्रदेशातील या न्यायाधिकरणापुढे जवळजवळ प्रत्येक दाव्यात प्रतिवादी कोण असे? राज्य सरकारच. बंद करण्याचा प्रस्ताव कोणाचा? त्याच प्रतिवादीचा. बडोद्याला सरकारने मंडळाचे मत बाजूस ठेवले होते. येथे सरकारने आसनच उचलले. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता आली नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. पण गोतसभेत बसलेल्या एखाद्या जुन्या देशमुखाला हे सांगितले असते, तर राजीनामा लिहून दिलेल्या पक्षाला सभाच मोडण्याचा अधिकार कोठून आला, असे त्याने विचारले असते.

न्यायाधिकरण उठले तेव्हा त्यापुढे पडून असलेले दावे उच्च न्यायालयाकडे आणि त्याच्या पिठांकडे वर्ग झाले. ग्वाल्हेरच्या पिठापुढील कागदांचे गठ्ठे बांधले गेले, त्यांवर नवे क्रमांक पडले, आणि ज्या उच्च न्यायालयाचा भार हलका करण्यासाठी ते १९८८ साली तेथून काढले होते, त्याच उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या मांडण्यांवर ते परत जाऊन बसले. ज्यांची नावे त्यांवर होती, त्यांना नव्या तारखांची वाट पाहणे भाग पडले.